नमुना न बघता घेतलेला मूळ पुरुष

नातवाचं नाव आपणच ठरवायचं, असं ज्या दिवशी मी ठरवलं त्या दिवशी माझी शुगर अगदी नॉर्मल होती. त्यामुळं पुढं जे झालं त्याचा दोष तिच्यावर ढकलता येत नाही.

उदगीरच्या मोंढ्यात आमचं आडतीचं दुकान आहे. तूर, हरभरा, सोयाबीन. उभ्या जन्मात मी एक नियम पाळला. पोत्यात हात घालायचा, मूठभर माल तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि मगच सौद्याचं बोलायचं. या नियमानं घर झालं, मुलगा बसवराज शिकला. (बसू हैदराबादला एका कंपनीत आहे. तिथं तो नेमकं काय करतो ते त्यानं मला बऱ्याचदा समजावून सांगितलंय आणि दर वेळी मी मान हलवलीय.) तिथंच त्याला ओर्ला भेटली. ओर्ला आयर्लंडची. पोरगं गोरी सून आणतंय म्हटल्यावर आमच्या हिनं, म्हणजे महानंदानं, जेवण सोडलं. मग ओर्ला घरी आली, हिनं तिला खालून वर बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी शेंगदाण्याची चटणी कुटायला बसवलं. आता ओर्ला मराठी बोलते ती थेट हिचीच. "अण्णा दुकानात हायत, बसा की जरा," असं निळ्या डोळ्यांची बाई म्हणाली की कुरिअरवाला पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचतो.

तर या दोघांना मुलगा झाला. महिन्याचं बाळ घेऊन दोघं उदगीरला आली. बारशाचा दिवस ठरला. बारशाला ओर्लाचे वडील, डेक्लन, आयर्लंडहून येणार होते. आणि एका दुपारी, जेवणं झाल्यावर, ओर्लानं लॅपटॉप उघडून आम्हाला त्यांचा वंशवृक्ष दाखवला. सगळं रामायण तिथून सुरू झालं.

डेक्लननी रिटायर झाल्यापासून हाच उद्योग केलेला. तिकडं म्हणे चर्चचा पाद्री गावातल्या एकेका लेकराची नोंद ठेवायचा. नंतर सरकारनं जन्म-मृत्यू लिहायला घेतले. आणि जनगणनावाले तर घरात खोल्या किती, वाचता कुणाला येतं, एवढंच नाही, घराला दर्शनी खिडक्या किती हेसुद्धा लिहून जायचे!

"हे माझे खापरपणजोबा," ओर्ला म्हणाली. "खिडक्या दोन."

"खिडक्या मोजून काय करायले होते?" माझी थोरली बहीण सुभद्राक्का म्हणाली. "सरकार हाय का चोर?"

त्यांच्या बाजूला आठ पिढ्या. फांद्यांना फांद्या, पानांना पानं. आणि आमची बाजू? बसू, त्याच्या वर मी काशिनाथ, माझ्या वर माझे वडील बसप्पा, त्यांच्या वर आजोबा काशिनाथ, आणि त्यांच्या वर एक प्रश्नचिन्ह. पुढं नुसता पांढरा पडदा. तेवढ्या रिकाम्या जागेत ज्वारी पेरली असती तर वर्षाची भाकरी निघाली असती.

इथं आमच्या घरची एक चाल सांगायला पाहिजे. आमच्यात नावं दोनच. आजोबाचं नाव नातवाला. काशिनाथचा बसप्पा, बसप्पाचा काशिनाथ, असं चालत आलेलं. (बसवराज हा बसप्पाच, शाळेच्या दाखल्यापुरता सुधारलेला.) फक्त एक अट आहे: आजोबा आधी वारलेले पाहिजेत. जित्या माणसाचं नाव पाळण्यात घालत नाहीत. म्हणजे या बाळाचं नाव काशिनाथ व्हायचं तर मला आधी जागा रिकामी करून द्यावी लागणार, आणि माझी तशी काही घाई नव्हती.

पण खरं सांगतो, आत कुठंतरी लई लागलं होतं. हे पोरगं उद्या हैदराबादला वाढणार, परवा आयर्लंडला जाणार. तिथं कुणीतरी त्याला पॅट्रिक म्हणणार. मग उदगीर कुठाय म्हणून हे नकाशावर बोट फिरवत बसणार. त्याच्या अंगावर आपल्या घरचं निदान नाव तरी राहावं, एवढीच माझी इच्छा होती.

मी खाकरलो. "आमच्या पिढ्या काय कमी हायत का? तोंडपाठ हायत लोकांना!"

"कुन्या लोकांना?" हिनं विचारलं.

मी तिकडं लक्ष दिलं नाही. "असं करू. ज्याच्या पिढ्या जास्त निघतील त्याच्या मूळ पुरुषाचं नाव बाळाला. बोला!"

बसू म्हणाला, "अण्णा, नावाचं आमचं ठरलंय. तुम्हाला आवडंल असंच—"

"तुम्ही काय ठरवता रे कालची पोरं? नाव काय मोबाईलचं कव्हर हाय, बघितलं आणि घेतलं?"

बसूनं ओर्लाकडं बघितलं. ओर्लानं हसू दाबून त्याचा हात दाबला आणि म्हणाली, "व्हय अण्णा. चालंल." तिनं तिथल्या तिथं फोन लावून वडिलांना विचारलं. डेक्लननी पडद्यातून अंगठा वर केला. सौदा पक्का!

दुसऱ्या दिवशी मी आमचे शेजारी रज्जाकभाई यांना घेऊन जुनी कागदपत्रं असतात त्या कचेरीत गेलो. रज्जाकभाईंचं मसाल्याचं दुकान. निजामाच्या काळातले कागद उर्दूत, आणि मोंढ्यात उर्दू वाचणारे आता तेवढेच उरलेत. त्यांनी चष्मा पुसला, एक बाड उघडलं आणि पाच मिनिटांत ओरडले, "मिल गया सेठ! काशिनाथ वल्द बसप्पा!"

म्हणजे बसप्पाचा मुलगा काशिनाथ! मी खुर्चीतून उठलो. "आणखी?"

"बसप्पा वल्द काशिनाथ!"

"आणखी?"

"फिर काशिनाथ वल्द बसप्पा." रज्जाकभाईंनी चष्मा काढला. "सेठ, इसमें बाप कौन और बेटा कौन?"

आता हे काय सांगणार? दोनच नावं! कुठला काशिनाथ कुठल्या बसप्पाचा बाप आणि कुठला कुठल्याचा पोरगा, हे त्या काशिनाथ-बसप्पांनाच ठाऊक. तरी मी धीर सोडला नाही. शेवटी एका गठ्ठ्यात पिवळा पडलेला एक मराठी कागद सापडला. शेताच्या वाटेचं भांडण. "सदर काशिनाथ बसप्पा हा इसम अत्यंत हट्टी असून कोणाचेही ऐकत नाही," असं विरुद्ध पार्टीनं लिहिलेलं. माझी छाती भरून आली! काय बाणेदार पूर्वज! सगळ्या खोलीला मी चहा सांगितला. त्या पूर्वजाच्या गोष्टी (ज्या मला तोवर सुचत गेल्या) कारकुनाला ऐकवल्या. रज्जाकभाई तेवढ्यात शेवटचं पान बघत होते.

"सेठ," ते हळूच म्हणाले, "नीचे सही देखो. ये तो तुमीच है."

बघतो तर खरंच, जबाबाखाली माझी सही. बांधावरच्या वाटेचं ते प्रकरण मी लग्नानंतर लगेच केलं होतं आणि पार विसरलो होतो. कारकुनानं चहाचा कप हातात धरून मला नमस्कार केला.

मग मी घरातूनच सुरुवात करायची ठरवली. निदान ठाऊक आहेत त्या माणसांच्या जन्मतारखा तरी भराव्यात! सुभद्राक्काचं आधार कार्ड घेतलं, वारलेल्या आईचं जुनं रेशन कार्ड काढलं आणि ओर्लाला म्हटलं, भर. तिनं भरलं. कॉम्प्युटरनं लाल अक्षरं दाखवली.

"अण्णा," ओर्ला म्हणाली, "हे म्हणायलंय, आत्याबाई त्यांच्या आईपेक्षा मोठ्या हायत."

"अक्का!" मी म्हणालो. "वय किती लिवलं हाय हे?"

"मग काय करू?" अक्का उसळली. "एस्टीत म्हाताऱ्यांना फुकट केलं. समद्या बायका वाढवून आल्या. मी एकटीच तरणी राहून तिकीट काढू का?"

"अगं पण आईच्या आधी जन्मलीस तू!"

"तवा आईचं बी वाढव. तिला काय कळतंय आता!"

त्याच आठवड्यात डेक्लन आले. मला वाटलं होतं कोणीतरी मोठा साहेब येईल. आला तो आमच्या मोंढ्यातल्या हमालासारखा रुंद, लाल चेहऱ्याचा, हसरा माणूस. आल्या आल्या त्यांनी महानंदाला वाकून नमस्कार केला आणि घाईत चपला देवघराजवळ सोडल्या. अक्काच्या वयाची गोष्ट बसूनं त्यांना इंग्रजीत सांगितली तेव्हा ते मांडीवर थाप मारून हसले. त्यांच्याकडं म्हणे म्हाताऱ्यांना पेन्शन लागू झाली, तेव्हा पुढच्या जनगणनेत गावंच्या गावं दहा वर्षांत पंधरा-सोळा वर्षांनी म्हातारी झालेली! त्यांच्या घरातली एक बाई तर सख्ख्या आईच्या वयाला जाऊन भिडली होती.

"बघ!" सुभद्राक्का म्हणाली. "मान्साची जात सगळीकडं सारखीच." तेव्हापासून तिनं डेक्लनला आपल्या हातानं वाढायला सुरुवात केली.

ते सगळं ठीक. पण त्यांच्या आठ पिढ्या उभ्या होत्या आणि माझ्या, मला धरून, तीनच. बारसं दोन दिवसांवर आलेलं. तेव्हा मला हेळवी आठवला.

सीमेपलीकडून, कर्नाटकातून, हे हेळवी पूर्वी आमच्याकडं यायचे. सुगी झाली की बैलावर बसून, घंटी वाजवत. पिढ्यान् पिढ्या एकेका घराण्याची वंशावळ सांभाळायची आणि दारात उभं राहून खड्या आवाजात म्हणायची, हाच त्यांचा धंदा. मग घरानं धान्य द्यायचं, जेवू घालायचं. आमच्या घराण्याचा हेळवी संगप्पा. नंबर शोधायला अर्धा दिवस गेला. फोन उचलताच तो म्हणाला, "काशिनाथअप्पा! सहा वर्षं झाली, तुमच्याकडची ज्वारी न्यायची राहिली हाय."

"ते बघू. आधी सांग, आमच्या पिढ्या किती?"

"नऊ."

"नऊ! पक्क्या?"

"देवाला शरणु म्हणून सांगतो. नऊ."

मी उडीच मारली. (या वयात उडी म्हणजे काय ते समजून घ्या. एक टाच उचलली गेली.) नऊ! डेक्लनच्या आठ, आमच्या नऊ! मी म्हटलं, "बारशाला ये. सगळ्यांसमोर म्हण. ज्वारीचं पोतं घेऊन जा."

वाचकहो, आता बघा. ज्या माणसानं एक दाणा फोडल्याशिवाय तुरीचं पोतं घेतलं नाही, त्यानं पिढ्या किती एवढंच विचारलं. नावं काय, हे विचारलंच नाही!

बारशाच्या दिवशी संगप्पा आला तो मोटरसायकलवर. बैलाची घंटी मात्र हँडलला बांधलेली. फेटा, गॉगल, आणि तोरा असा की बाळ त्याचंच आहे. त्यानं आधी पाणी मागितलं, मग चहा, मग खुर्ची, मग त्या खुर्चीवर न बसता उंबऱ्याबाहेर उभा राहिला. दार भरून माणसं. गल्लीतल्या बायका, मोंढ्यातले आडते, रज्जाकभाई, सगळे आलेले. मी डेक्लनला मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं होतं.

"एकदा सुरू केलं की मूळ पुरुषापर्यंत थांबायचं नसतंय," संगप्पानं बजावलं. "मधी तोडलं तर घराला चांगलं नाही."

"कोण तोडतंय?" मी म्हणालो. "होऊ दे खडा आवाज! कोपऱ्यापर्यंत ऐकू जाऊ दे!"

त्यानं घंटी वाजवली. "बसवराजचा बाप काशिनाथ! काशिनाथचा बाप बसप्पा! बसप्पाचा बाप काशिनाथ!" दर नावाला मी मान हलवत होतो. डेक्लन बोटं मोजत होते. सहा झाली. सात झाली. आठ! डेक्लननी दोन्ही हात वर केले आणि हसत मला वाकून नमस्कार केला. मी मिशीवरून हात फिरवला आणि आता नववं, घराण्याचा मूळ पुरुष, काय दणदणीत नाव निघतंय म्हणून कान टवकारले. वीरभद्र? सिद्धरामेश्वर? मल्लिकार्जुन?

"आणि त्याचा बाप, या घराचा मूळ पुरुष," संगप्पानं श्वास घेतला, "उकंडप्पा!"

 आधी सुभद्राक्का खिंकाळली. मग सगळी गल्ली.

"काय म्हणाला?" डेक्लननी बसूला विचारलं. बसू भिंतीकडं तोंड करून हलत होता. शेवटी ओर्लानंच वडिलांना सांगितलं. उकंडा म्हणजे उकिरडा. गावाबाहेरची शेणाची, केरकचऱ्याची रास. तिचं नाव.

"अवं!" महानंदा माझ्यावर धावून आली. "माज्या नातवाचं नाव उकिरडा? मोंढ्यात सौदं करता करता घरात बी सौदं करायलाव व्हय?"

मी संगप्पाचा हात धरला. "अरे, दहावी पिढी बघ की! वर कुणीतरी असंलच की!"

"मूळ पुरुषाच्या वर पुरुष नसतोय, अप्पा."

"मग एक कमी कर. आठच धर."

"म्हणून झालं आता. देवानं ऐकलं, गल्लीनं ऐकलं."

मी डेक्लनकडं वळलो. म्हटलं, पाहुण्यांचा मान मोठा, आठ काय नि नऊ काय, तुमच्याच मूळ पुरुषाचं नाव ठेवू. त्याचं नाव निघालं बार्थॉलोम्यू. बायकांनी ते म्हणून बघितलं. दोघींना ठसका लागला. डेक्लन शांतपणे म्हणाले, नाही, ठरलं ते ठरलं, नऊ ते नऊ. माझ्याच गळ्यात माझाच सौदा!

"पण असं नाव ठेवलं का?" ओर्लानं संगप्पाला विचारलं.

संगप्पानं गॉगल काढला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "बाई, त्या मायमाऊलीची लेकरं जगत नव्हती. एका मागून एक गेली. मग हे झालं तवा त्याला उकिरड्यावर ठिवलं. दुसऱ्या बाईनं उचललं, आणि आईनं मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून इकत घेतलं. मरणाला वाटावं, हे काय, कुणीतरी टाकलेलं हाय, याला काय न्यायचं! म्हणून उकंडप्पा. तो जगला. म्हणून तुम्ही समदे हाव."

ओर्लानं हे वडिलांना सांगितलं.  मग डेक्लननी सांगितलं ते बसूनं आम्हाला मराठीत सांगितलं. त्यांच्या चर्चच्या वहीत एकाच घरात बार्थॉलोम्यू हे नाव तीनदा आहे. पहिला गेला. दुसऱ्याला तेच नाव दिलं. तोही गेला. तिसऱ्यालाही तेच. तो जगला, आणि त्याच्यापासून ही ओर्ला. "तुमच्या त्या मायमाऊलीनं मरणाला फसवलं," डेक्लन म्हणाले. "आमची नुसती हट्टानं तेच नाव घेत राहिली."

महानंदानं पदर डोळ्याला लावला. मीही बाहीनं नाक पुसलं, खोटं कशाला सांगू? ओर्लानं बाळ उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "अण्णा, ह्येच नाव. दुसरं न्हाई पायजे."

बाळाला सख्खी आत्या नाही, म्हणून बापाची आत्या सुभद्राक्का पाळण्याजवळ बसली. तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी परंपरेप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले. (आधार कार्डावरचं वय बघता जरा हळू घालायला पाहिजे होते.) बाळ रडत होतं ते थांबलं, आणि त्यानं एक मोठी जांभई दिली. नाव पसंत पडलं, असं सगळ्यांनी धरलं.

पंगती उठल्या. संगप्पा पोतं मोटरसायकलला बांधून, सहा वर्षांची बाकी म्हणून आणखी अर्धं पोतं घेऊन गेला. मी ओसरीत सुपारी कातरत बसलो होतो. नाव विचित्र असलं तरी आपल्याच घरचं राहिलं, म्हणून जीव सुखावला होता. तेवढ्यात डेक्लन आले. हातात निळ्या मखमलीची डबी. कसनुसे हसत त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि बसूकडं बघितलं.

डबीत चांदीचा छोटा चमचा होता. बाळाला पहिला घास भरवायचा. दांड्यावर नाजूक इंग्रजी अक्षरात कोरलेलं होतं: काशिनाथ.

"हे काय?" मी म्हणालो.

बसू जमिनीकडं बघत होता. "अण्णा, त्यांच्यात चाल हाय. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव. त्यांच्यात आजोबा जिवंत असले तरी चालतंय. ओर्लानं बाळ व्हायच्या आधीच ठरवलं होतं, काशिनाथच ठेवायचं. तुम्हाला बारशात सांगणार होतो. मी तुम्हाला म्हणायलो होतो की, आमचं ठरलंय, तुम्हाला आवडंल..."

माझ्या हातातला अडकित्ता खाली पडला. म्हणजे मी नुसता तोंड मिटून बसलो असतो तर! न मरता, जागा रिकामी न करता, माझ्या डोळ्यांदेखत माझं नाव पाळण्यात हललं असतं! आमच्या घराण्यात आजवर कुठल्या काशिनाथाला हे भाग्य लाभलं नव्हतं.

"सदर इसम कुणाचं बी ऐकत न्हाई," महानंदा आतून म्हणाली. रज्जाकभाईंनी तिला ते कधी सांगितलं, देव जाणे.

आता उकंडप्पा बाळसेदार झालाय. हैदराबादच्या बायका त्याला 'उकी' म्हणतात आणि डेक्लन तिकडं सगळ्यांना त्याच्या नावाची गोष्ट सांगत फिरतात. मोंढ्यात मला कुणी काशिनाथसेठ म्हणत नाही. 'उकंडप्पाचा आज्या आला बघा, नमुना दाखवा त्यास्नी,' म्हणतात. माझं नाव आता जगात एकाच ठिकाणी ऐटीत उरलंय, त्या चांदीच्या चमच्यावर. आणि तो चमचा आमच्या हिनं माझ्या शुगरसाठी मेथीच्या भुकटीच्या डब्यात टाकलाय.